खगोलशास्त्राचा तास सकाळी अकरा वाजता

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्रवेशाचे दिवस आले की आपल्या दैनिकाच्या पानांवर महाविद्यालयांच्या जाहिरातींची दाटी होते. अलीकडे त्या जाहिरातींत दोन विषय माझ्या नजरेत विशेष भरतात, ते म्हणजे खगोलशास्त्र आणि वाहन तंत्रज्ञान. पहिला विषय नव्या शैक्षणिक धोरणामुळे कला आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनाही खुला ऐच्छिक विषय म्हणून घेता येतो. दुसरा पदविका, बी. व्होक. किंवा सहा महिन्यांचे प्रमाणपत्र अशा निरनिराळ्या रूपांत विकला जातो. ‘विकला जातो’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. नाशिकमध्ये बरीच वर्षे भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या माणसाला या दोन्ही विषयांची नावे वाचून आनंदच व्हायला हवा, आणि तो होतोही. तक्रार एकच आहे, आणि ती अभ्यासक्रमाबद्दल नसून वेळापत्रकाबद्दल आहे.

माझ्या नातीने शहरातल्या एका महाविद्यालयात खगोलशास्त्राचा दोन श्रेयांकांचा (क्रेडिटचा) विषय घेतला होता. तास आठवड्यातून दोनदा, सकाळी अकरा ते बारा. परीक्षेत तिला उत्तम गुण मिळाले. केप्लरचे ग्रहगतीचे तिन्ही नियम तिला न अडखळता सांगता येतात. परंतु जानेवारीतल्या एका रात्री आम्ही गच्चीवर उभे असताना तिने मला विचारले, “आजोबा, यातले मृग नक्षत्र कोणते?” मृग डोक्यावर होते. त्याच विभागाच्या कपाटात एक चांगली परावर्ती दुर्बीण आहे, हे मला ठाऊक होते, कारण ती खरेदी झाली तेव्हा विषयतज्ज्ञ म्हणून मला बोलावले होते. नातीने चौकशी केली तेव्हा उत्तर मिळाले की दुर्बीण डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे संस्थेच्या कायमच्या वस्तूंच्या नोंदवहीत, एका सरांच्या नावावर चढलेली आहे, तिला काही झाले तर भरपाई त्यांच्या पगारातून होईल, म्हणून ती बाहेर काढत नाहीत. पावसाळ्याचे दोन हंगाम बंद कपाटात काढलेल्या आरशावर बुरशी चढली असेल, याची मला जवळजवळ खात्री आहे.

वाहन तंत्रज्ञानाची हकिकत याहून वेगळी नाही. शेजारच्या मुलाने त्याची पदविका घेतली. कार्यशाळेत कापून रंगवलेले एक इंजिन होते, ज्याचे भाग लाल, पिवळे आणि निळे असतात आणि जे हँडल फिरवले की फिरते. परीक्षेत कार्बुरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाची, आकृती हमखास येत असे. मोटारींतून कार्बुरेटर केव्हाच गेला. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाची बी. एस. ६ मानके लागू झाल्यावर दुचाकींतूनही तो जवळपास नाहीसा झाला. हा मुलगा शिकाऊ म्हणून एका गॅरेजमध्ये लागला तेव्हा पहिल्याच दिवशी मिस्त्रींनी त्याच्या हातात स्कॅनर दिला आणि गाडीच्या संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचायला सांगितले. स्कॅनरची पिन गाडीत नेमकी कुठे लावायची, हे त्याला दहावी नापास हेल्परने दाखवले. मुलगा हुशार होता, महिन्याभरात तयार झाला. पण मग तीन वर्षांची फी कशाची भरली, हा त्याच्या वडिलांचा प्रश्न मला निरुत्तर करणारा आहे.

याचा दोष शिक्षकांवर टाकून मोकळे होणे सोपे आहे, म्हणून मी ते टाळतो. खगोलशास्त्र शिकवणारे बहुतेक तरुण तासिका तत्त्वावर काम करतात. त्यांना घड्याळी तासाप्रमाणे मानधन मिळते, आणि रात्री आठ वाजता गच्चीवर घेतलेला तास कोणत्या रकान्यात लिहायचा, हे कार्यालयातल्या कोणालाच ठाऊक नसते. माझ्या नोकरीच्या अखेरच्या काळात आमच्या विभागातले परिचर निवृत्त झाले आणि ती जागा पुन्हा भरली गेली नाही. उपकरण बाहेर काढणे, पुसणे, परत ठेवणे ही कामे ज्याच्या हातची असतात, तो माणूसच नसेल तर प्रयोगशाळा हळूहळू प्रदर्शन बनते. वाहन कार्यशाळेचेही तसेच: चालू इंजिनला डिझेल लागते, तेल लागते, बॅटरी दर काही वर्षांनी बदलावी लागते. अनुदान मात्र यंत्र विकत घेण्यासाठी एकदाच मिळते. ते चालवण्यासाठी लागणारा रोजचा खर्च कोणत्याच शीर्षात बसत नाही.

या बाबतीत आपले पूर्वज अधिक व्यवहारी होते, असे म्हणावेसे वाटते. नाशिकच्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटणे येथे, १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केला, आणि त्या मठाला दिलेल्या उत्पन्नाची नोंद या लेखात आहे. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि त्यात गावात जितके घाणे चालतील त्या प्रत्येकाकडून मठाला पळी पळी तेल द्यावे, अशी तरतूद केलेली आहे. ज्योतिष-गणिताच्या अध्ययनाला दिव्याचे तेल लागते, आणि ते एकदा देऊन भागत नाही, हे आठशे वर्षांपूर्वी कोणाला तरी कळले होते. आमच्या अनुदानाच्या अर्जात घाण्याचा रकाना नाही.

उलट उदाहरण पुण्यातले आहे. पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून ओळखल्या गेलेल्या तेव्हाच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये १८८८ मध्ये भावनगरच्या महाराजांच्या साहाय्याने एक वेधशाळा उभी राहिली. तिला महाराजांचे नाव देऊन तख्तसिंहजी वेधशाळा म्हणत. कावसजी दादाभाई नेगामवाला या प्राध्यापकांनी डब्लिनच्या ग्रब यांच्याकडून २० इंची परावर्ती दुर्बीण आणवली आणि ताऱ्यांच्या वर्णपटांचा अभ्यास सुरू केला. नेगामवाला निवृत्त झाल्यावर १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि उपकरणे कोडाईकॅनलला गेली. म्हणजे एका महाविद्यालयाच्या आवारात देशातली त्या काळची सर्वांत मोठी दुर्बीण उभी होती, आणि ती एका माणसाच्या उत्साहावर उभी होती. आजही नाशिकमध्ये एखाद्या महाविद्यालयात आकाशदर्शन नियमित होत असेल, तर त्यामागे असाच एखादा उत्साही माणूस सापडतो, आणि त्याची बदली किंवा निवृत्ती झाली की विषय पुन्हा सकाळी अकराच्या तासात जाऊन बसतो.

आता नियमांकडे वळतो, कारण उपाय त्यांच्यातच दडलेला आहे. श्रेयांक पद्धतीत एका श्रेयांकाला व्याख्यानांचे १५ तास धरतात, आणि प्रात्यक्षिक असेल तर ३० तास. बहुतेक महाविद्यालये दोन श्रेयांकांच्या खुल्या ऐच्छिक विषयाची ३० व्याख्याने करून मोकळी होतात. त्याऐवजी एक श्रेयांक व्याख्यानाचा आणि एक प्रात्यक्षिकाचा असे केले, तर १५ व्याख्याने आणि ३० तास आकाशाखाली मिळतात. तीन-तीन तासांच्या दहा रात्री. त्या दहा रात्री वेळापत्रकात छापल्या गेल्या पाहिजेत, शिक्षकाचे मानधन त्यांना लागू झाले पाहिजे, आणि दुर्बीण विभागाच्या नावावर असावी, व्यक्तीच्या नव्हे. त्याचबरोबर हा विषय पहिल्या सत्रात ठेवण्याचा वेडेपणा थांबवावा. जूनअखेर ते ऑक्टोबर नाशिकचे आकाश ढगांच्या ताब्यात असते. पावसाळ्यात आकाशदर्शनाचे वर्ग भरवणे म्हणजे मार्गशीर्षात पोहण्याची स्पर्धा भरवण्यासारखे आहे. हा विषय दुसऱ्या सत्राचाच आहे. डिसेंबरात सातपर्यंत पुरता अंधार पडतो, कृत्तिका, रोहिणी, मृग, व्याध हे सगळे एका रांगेत उगवतात, आणि साडेनऊपर्यंत वर्ग संपवून मुले घरी जाऊ शकतात.

मुलींना रात्री थांबवायचे का, हा प्रश्न पालक विचारतील, आणि तो रास्तच आहे. पण हीच महाविद्यालये स्नेहसंमेलनाच्या तालमींसाठी रात्री दहापर्यंत फाटक उघडे ठेवतात. तेव्हा जी व्यवस्था होते, म्हणजे एक शिक्षिका, एक पहारेकरी, आधी कळवलेली वेळ आणि सिटीलिंकची शेवटची बस चुकणार नाही एवढी काळजी, तीच येथेही पुरेल.

या वर्गात काय करायचे, याचे उत्तर नाशिककरांना पाठ्यपुस्तकात शोधावे लागू नये. आपल्या गावाचा सर्वांत मोठा उत्सव गुरूच्या भ्रमणावर ठरतो. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ. २००३, २०१५ आणि आता २०२७. सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करायला गुरूला १२ नव्हे, तर सुमारे ११.८६ वर्षे लागतात. सात फेऱ्यांचा हिशेब केला तर ८४ ऐवजी ८३ वर्षे येतात, म्हणजे बारा वर्षांची सरळ मोजणी कधीतरी एक वर्षाने चुकणारच. हा गुणाकार दहावीच्या मुलाला जमतो, पण तो नाशिकच्या कोणत्या वर्गात करून घेतला जातो? पंचांगाप्रमाणे गुरू ऑक्टोबर २०२६ च्या अखेरीस सिंहेत प्रवेश करतो, वक्री होऊन, म्हणजे ताऱ्यांमधून उलट दिशेने सरकताना दिसून, पुन्हा कर्केत मागे येतो आणि जून २०२७ मध्ये सिंहेत परततो. हे वक्री चलन डिसेंबर ते एप्रिल या काळात, म्हणजे नेमके दुसऱ्या सत्रात, मघा नक्षत्राच्या पश्चिमेकडच्या आकाशात घडते. दर आठवड्याला एकदा गुरूची जागा शेजारच्या ताऱ्यांच्या नकाशावर टिंबाने दाखवायची, एवढाच प्रयोग. त्याला दुर्बीणही लागत नाही. सत्राच्या शेवटी प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीत गुरूच्या वाटेचा फास तयार होईल, आणि गुरू मागे जातो असे दिसते ते पृथ्वी त्याला आतल्या वळणावरून मागे टाकते म्हणून, हे त्याला कोणी सांगावे लागणार नाही. ज्या घरात सिंहस्थाचे पर्व पिढ्यान्‌पिढ्या मोजले गेले, त्या घरातल्या मुलाने हे स्वतःच्या हाताने काढलेले असावे, ही माझी साधी इच्छा आहे.

येथे एक खुलासा करतो, कारण तो करावाच लागतो. खगोलशास्त्र म्हणजे पत्रिका पाहणे नव्हे. २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने फलज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करायचे ठरवले तेव्हा देशभरातल्या शास्त्रज्ञांनी त्याला विरोध केला होता, आणि डॉ. जयंत नारळीकर त्यांत अग्रभागी होते. तरीही प्रवेशाच्या वेळी पालक विचारतात की हा कोर्स केल्यावर मुलगा कुंडली करील का. वक्री गुरू वहीवर स्वतः काढलेल्या मुलाला या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी भाषणाची गरज पडणार नाही.

रोजगाराचा प्रश्न मात्र टाळता येत नाही. खगोलशास्त्राची पदवी घेऊन नाशिकमध्ये नोकरी मिळत नाही, हे खरे आहे. पण नाशिक-पुणे महामार्गावर नारायणगावला वळले की खोडदला जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक उभी आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उतरलेल्या या दुर्बिणीच्या ३० थाळ्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, आणि त्या २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. या थाळ्यांचा पृष्ठभाग सलग पत्र्याचा नाही. दोरांच्या जाळ्यावर ताणलेली पोलादी तारेची जाळी आहे, म्हणून वारा आरपार जातो आणि सांगाड्याचे वजन व खर्च कमी होतो. प्रत्येक थाळी मोटारी आणि गिअरबॉक्सच्या जोरावर आकाशातल्या एका बिंदूचा माग काढते. ते गिअर, ती मोटार, तिचे नियंत्रण आणि तिची देखभाल हे वाहन तंत्रज्ञान शिकणाऱ्या मुलाच्या ओळखीचे जग आहे. उलट, पेट्रोल इंजिनाच्या प्लगची ठिणगी रेडिओ गोंगाट करते आणि तो दुर्बिणीला नकोसा असतो; प्लगमध्ये रोधक बसवतात त्यामागे हा गोंगाट दाबण्याचाच हेतू असतो. दोन्ही वर्गांची एक बस खोडदला गेली, तर परतीच्या वाटेवर कोण कोणाला काय समजावील, हे मला पाहायला आवडेल. दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तेथे विद्यार्थ्यांची प्रदर्शने भरतात, त्यामुळे निमित्तही शोधावे लागणार नाही.

वाहन तंत्रज्ञानाच्या बाबतीत तर नाशिकला सबब सांगायला तोंडच नाही. सातपूर आणि अंबडच्या वसाहतींत गाड्या जुळतात, टायर बनतात, आणि डिझेल इंजिनाचे इंजेक्टर बनतात. इंजेक्टर बनवणाऱ्या मायको कंपनीचे नाव २००८ मध्ये बदलून बॉश झाले, तरी चौकाला आम्ही अजून मायको सर्कलच म्हणतो. आजच्या कॉमन रेल पद्धतीत डिझेल दोन हजार बारच्या आसपासच्या दाबाने केसाच्या जाडीच्या छिद्रांतून फवारले जाते, आणि आतल्या सरकत्या भागांमधली फट मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत, मोजावी लागते. या गावातल्या कित्येक घरांत मायक्रॉन हा शब्द स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलेला आहे, कारण घरातला कोणीतरी मायक्रोमीटर हातात धरून निवृत्त झालेला आहे. दुर्बिणीचा आरसाही असाच: हाताने घासून केलेल्या सहा इंची आरशाचा पृष्ठभाग प्रकाशाच्या तरंगलांबीच्या पाव भागाइतका, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे सात हजाराव्या भागाइतका अचूक यावा लागतो. सातपूरच्या एखाद्या निवृत्त फिटरकडे हे काम दिले, तर तो भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकापेक्षा आधी ते पुरे करील. मी स्वतः दोन आरसे बिघडवले आहेत, म्हणून हे अनुभवाने सांगतो.

या निवृत्त कारागिरांना महाविद्यालयांत शिकवायला बोलावले पाहिजे. त्यांच्याकडे नेट-सेट ही प्राध्यापकीची पात्रता नाही, पीएच. डी. नाही, पण गाडीची तक्रार ऐकून निदान कसे करायचे, हे पुस्तकात नाही आणि त्यांच्याकडे आहे. स्कॅनर कोड सांगतो, कारण सांगत नाही. मिश्रणात इंधन कमी पडते आहे, असा कोड आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलणारा मुलगा गिऱ्हाइकाचे पैसे घालवतो. खरे कारण कदाचित हवेच्या नळीला पडलेली बारीक चीर असते. हे शिकण्यासाठी कार्यशाळेत चालू स्थितीतली एक बी. एस. ६ गाडी हवी, तिच्यात शिक्षकाने मुद्दाम बिघाड करून ठेवायचा आणि मुलांनी तो शोधायचा. जुन्या बाजारात अशी गाडी मिळू शकते. एक गाडी चार महाविद्यालयांनी मिळून घेतली तरी चालेल, किंबहुना तसेच करावे, कारण प्रत्येकाने वेगळी घेतली तर प्रत्येकाच्या कार्यशाळेत एक-एक नवे रंगवलेले इंजिन तयार होईल.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. अनेक संस्था ‘ईव्ही टेक्नॉलॉजी’चे प्रमाणपत्र देऊ लागल्या आहेत. दुचाकीची बॅटरी साधारण ४८ ते ७२ व्होल्टची असते, परंतु विजेच्या मोटारीत ती ३०० ते ४०० व्होल्ट, काहींत त्याहूनही अधिक असते, आणि तिची वीज एकदिश (डीसी) असते. नारिंगी वेष्टनाच्या तारांना हात लावण्यापूर्वी पुरवठा तोडायचा, कपॅसिटर रिकामे होण्यासाठी ठरलेला वेळ थांबायचे, मापकाने शून्य व्होल्ट दिसते याची खात्री करायची, आणि हे सगळे इन्सुलेटेड हातमोजे घालून करायचे. हे फळ्यावर लिहून शिकवता येत नाही. ज्या मुलाने हे एकदाही हाताने केलेले नाही, त्याच्या हातात प्रमाणपत्र देणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे आहे, आणि याबाबत विद्यापीठाने व तंत्रशिक्षण विभागाने कडक भूमिका घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कार्यशाळेच्या वेळेचाही विचार व्हावा. वसाहतीतल्या कारागिराची पहिली पाळी दुपारी सुटते; त्यानंतरचे दोन तास तो शिकवू शकतो. कारखान्यात काम करून शिकणाऱ्या मुलांसाठी तर संध्याकाळ हीच एकमेव वेळ आहे. मुक्त विद्यापीठाचे मुख्यालय आपल्याच गंगापूर धरणाजवळ आहे. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच १९८९ मध्ये ते स्थापन झाले. त्याने आणि शहरातल्या महाविद्यालयांनी मिळून एक सामाईक कार्यशाळा आणि शहराबाहेर, दिंडोरी किंवा पेठच्या दिशेला, एक सामाईक निरीक्षणाची जागा ठरवावी. कॉलेज रोडच्या झगमगाटात आता कृत्तिकेतल्या सहा तारकाही धड मोजता येत नाहीत. पेंच अभयारण्याच्या परिसराला २०२४ मध्ये देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. ते आपल्याच राज्यात आहे. सुरगाण्याच्या बाजूला असा अंधार अजून शिल्लक आहे, तोवर त्याचा उपयोग करून घ्यावा.

त्र्यंबक रस्त्यावरचे महापालिकेचे तारांगण ढगाळ दिवसांसाठी उपयोगी पडेल, पण त्याला खऱ्या आकाशाचा पर्याय समजू नये. दिवसाचे प्रयोगही आहेतच. नाशिकचा अक्षांश साधारण २० अंश उत्तर, म्हणून ध्रुवतारा क्षितिजापासून २० अंशांवर दिसतो, आणि मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस एका दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैतला दुसरा शून्यसावली दिवस ढगांत जातो. मेमध्ये परीक्षा संपलेल्या असतात, त्यामुळे त्या दुपारी महाविद्यालयाच्या मैदानात काठी रोवायला मी एकटाच असतो, आणि पहारेकरी मला दरवर्षी विचारतात की काय मोजता आहात.

माझ्याकडे सहा इंची न्यूटनी दुर्बीण आहे. वय झाल्यामुळे तिचा स्टँड जिना चढवून गच्चीवर नेणे मला जमत नाही. शहरातले जे महाविद्यालय येत्या दुसऱ्या सत्राच्या वेळापत्रकात दहा रात्री छापील अक्षरांत लिहील, त्याला ती मी विनामूल्य देईन. आरसा मागच्या वर्षी नव्याने मुलामा देऊन घेतला आहे, आयपीस दोन आहेत, आणि स्टँडचा एक बोल्ट झिजला आहे, तो बदलावा लागेल. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये ती कोणाच्याही नावावर चढवू नये, एवढी अट आहे.

आपला,
एक निवृत्त अध्यापक,
गंगापूर रोड, नाशिक